सगळा बाजार घेणारा माणूस

लातुरात 'सरासरी' हा शब्द गणिताच्या पुस्तकाबाहेर सहसा चांगल्या अर्थाने उच्चारला जात नाही. एखाद्या घरी मुलाच्या अभ्यासाची चौकशी केल्यावर 'ॲव्हरेज आहे' असे उत्तर मिळाले, तर विचारणारा आवाज खाली आणतो, चहाचा कप उगाच बशीत फिरवतो आणि बोलणे पावसाकडे वळवतो. राजर्षी शाहू महाविद्यालय आणि प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या 'लातूर पॅटर्न'ने, म्हणजे जादा तास, अखंड सराव चाचण्या आणि प्रत्येक चाचणीनंतर नव्याने लागणारी क्रमवारी यांनी, या शहराला एक गोष्ट पक्की शिकवली आहे, ती ही की गुणवत्ता निवडून काढता येते, तिच्यावर मेहनत घेता येते आणि शेवटी तिचा फोटो फ्लेक्सवर लावता येतो. निकालाच्या आठवड्यात चौकाचौकांतून ही हसरी लेकरे वाहतुकीकडे पाहत उभी असतात, एकच मुलगी कधीकधी दोन क्लासच्या फ्लेक्सवर दोन निरनिराळ्या ड्रेसमध्ये आढळते. मात्र त्याच बॅचमधील उरलेल्या मुलांची सरासरी किती आली, हे छापणारा फ्लेक्स अद्याप कोणाच्या पाहण्यात नाही.

अशा मुलखात इंडेक्स फंड नावाची वस्तू विकायला यावी हाच मुळात विनोदाचा विषय आहे, कारण ही वस्तू घेणाऱ्यास पहिलीच अट अशी घालते की त्याने सरासरीवर समाधान मानावे. निर्देशांक, म्हणजेच इंडेक्स, हा निवडक मोठ्या कंपन्यांच्या शेअरच्या किमतींचा एकत्र हिशेब असतो. मुंबई शेअर बाजाराचा सेन्सेक्स ३० कंपन्यांचा असून तो १ जानेवारी १९८६ रोजी सुरू झाला आणि १९७८-७९ या वर्षाची पातळी १०० धरून त्याची मोजणी मागे नेण्यात आली. राष्ट्रीय शेअर बाजाराचा निफ्टी ५० कंपन्यांचा असून त्यात ३ नोव्हेंबर १९९५ या दिवसाची पातळी १००० मानलेली आहे. इंडेक्स फंड हा म्युच्युअल फंडाचा असा प्रकार आहे की ज्यात लोकांकडून गोळा केलेला पैसा त्याच कंपन्यांमध्ये, त्याच प्रमाणात, जसाच्या तसा गुंतवला जातो. इतर फंडांचा व्यवस्थापक कोणती कंपनी घ्यावी आणि कोणती सोडावी याचा विचार करण्याचे पैसे घेतो, तर इंडेक्स फंडाचा व्यवस्थापक असा विचार मनात येऊ न देण्याचे घेतो, आणि हे काम दिसते तितके सोपे नसले तरी स्वस्तात होते.

या वस्तूची थट्टा प्रथम लातुरात झाली असे मात्र नाही. जॉन बोगल यांनी व्हॅनगार्ड कंपनीतर्फे १९७६ मध्ये सर्वसामान्यांसाठी पहिला इंडेक्स फंड काढला, तेव्हा १५ कोटी डॉलर जमवण्याचा बेत होता आणि जमले जेमतेम १ कोटी १३ लाख. धंद्यातील लोकांनी त्याला 'बोगलचा खुळेपणा' असे नाव ठेवले आणि सरासरीवर समाधान मानणे अमेरिकन माणसास शोभत नाही, अशा आशयाची भित्तिपत्रकेही निघाली. ती भित्तिपत्रके लातूरच्या एखाद्या क्लासच्या भिंतीवर लावली असती तर पालकांना त्यांत आक्षेपार्ह काहीही आढळले नसते.

मराठवाड्यातील माणूस इंडेक्स फंडापासून चार हात लांब राहतो त्याचे कारण त्याचे अज्ञान आहे, असे मुंबईतील तज्ज्ञ समजतात. खरे कारण त्याच्या ज्ञानात आहे, आणि ते पाहायचे असेल तर मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत, किंवा उदगीरजवळच्या हाळी हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात जावे लागते. तेथे बैल घ्यायला आलेला शेतकरी प्रथम बैलाकडे पाहतच नाही. तो शेजारच्या बैलाकडे पाहतो, म्हणजे मालकाला अंदाज येत नाही. मग तो परत फिरतो, पाठीवर थाप मारतो, शेपूट उचलतो, खूर दाबतो, जबडा उघडून दात मोजतो आणि दोन दाती, चार दाती की जुळलेला ते मनाशी ठरवतो, नंतर थोडे चालवून पाहतो. देवणी असेल तर वानेरा, बालंक्या की शेवरा, आणि लाल कंधारी असेल तर रंग एकसारखा उतरला आहे की नाही, हे त्याला सांगावे लागत नाही. शेवटी दलाल रुमालाखाली हात घेतो, दोघांची बोटे आत काहीतरी बोलतात आणि भोवती जमलेल्या दहा माणसांना सौदा कितीला झाला ते कळत नाही, ज्याचा त्यांना पुढे वर्षभर त्रास होतो. या सर्व विद्येला पारख असे म्हणतात. ती बापाकडून मुलाकडे येते, आणि ज्याला ती नाही त्याला गावात बैलच काय, जावईदेखील निवडू देत नाहीत.

आता अशा माणसास असे सांगण्यात येते की त्याने दात मोजू नयेत, चालवून पाहू नये, रुमाल घरीच ठेवावा, आणि बाजारात उभ्या असलेल्या पहिल्या ५० जनावरांपैकी प्रत्येकाचा थोडा थोडा हिस्सा घेऊन यावे. जे जनावर मोठे त्याचा हिस्सा मोठा आणि जे लहान त्याचा लहान. शास्त्रीय भाषेत यास बाजारमूल्यानुसार भार देणे म्हणतात. त्यातही प्रवर्तकांनी स्वतःकडे राखलेले आणि सहसा विक्रीस न निघणारे शेअर वगळून फक्त खुल्या बाजारात फिरणाऱ्या शेअरची किंमत मोजतात, आणि ते योग्यच आहे, कारण घरच्या गोठ्यातून कधीच बाहेर न पडणाऱ्या बैलाची किंमत बाजारात धरण्यात अर्थ नसतो. वर्षातून दोन वेळा, मार्च आणि सप्टेंबरअखेर, निफ्टीच्या यादीची फेरतपासणी अमलात येते आणि ज्या कंपन्यांचे मूल्य रोडावले त्या बाहेर जाऊन त्यांच्या जागी नव्या येतात. म्हणजे म्हातारा बैल विकण्याचा निर्णयही, ज्यावर मराठवाड्यातील घरांत तीन-तीन वर्षे चर्चा चालते आणि आजी जेवण सोडते, तोही येथे कोणाला न विचारता घेतला जातो.

पारखीच्या बाजूने एवढे मान्य करावे लागते की बैलबाजारात ती खरोखर उपयोगी पडते. तेथे मालक काहीतरी लपवत असतो, पाहणारा एकटा असतो आणि त्याला दिसलेली खोट शेजाऱ्यास दिसलेली नसते, म्हणून तिचा भाव त्याला करता येतो. शेअर बाजारात मात्र एकाच कंपनीचे दात लाखो लोक एकाच वेळी मोजत बसलेले असतात, त्यांत पगारी लोक असतात, यंत्रे असतात, आणि जे काही दिसण्याजोगे आहे ते किमतीत आधीच उतरलेले असते. १९८६ च्या सेन्सेक्सच्या ३० कंपन्यांत ॲम्बॅसेडर बनवणारी हिंदुस्तान मोटर्स आणि पद्मिनी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स या दोन्ही होत्या. त्या काळी रस्त्यावर उभ्या राहिलेल्या कोणत्याही डोळस माणसाला हे दोन बैल जातिवंत आहेत असेच वाटले असते, कारण रस्त्यावर दुसरे फारसे काही धावतच नव्हते. दोन्ही पुढे यादीतून गेल्या. ज्याने पारखून त्याच दोन घेतल्या त्याचे काय झाले असेल ते सांगायला नको. ज्याने डोळे मिटून तीसही घेतल्या, त्याच्या वाट्याला त्या दोघींच्या पाठोपाठ नंतर यादीत आलेल्या कंपन्याही आपसूक आल्या.

येथवर विषय समजुतीचा होता. यापुढे तो कडत्याचा आहे, आणि कडता म्हटला की मराठवाड्यात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. ज्यांचा मोंढ्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी एवढेच, की शेतमाल मोजताना माती, खडा, ओल, बारदाना अशा नाना कारणांनी पोत्यामागे जे जास्तीचे वजन कापून घेतात तो कडता. लातूरच्या मार्केट यार्डात सोयाबीनचे पोते उतरवलेला शेतकरी ओलाव्याच्या यंत्रावरचा आकडा मान वाकडी करून स्वतः वाचतो, मूठभर दाणे दाताखाली फोडून यंत्र खोटे बोलते असे जाहीर करतो, हमाली आणि तोलाईची पावती दोनदा पाहतो आणि अर्ध्या किलोच्या कडत्यासाठी आडत्याच्या तीन पिढ्यांचा उद्धार करून पुन्हा त्याच्याच गादीवर चहा पितो. हाच शेतकरी, किंवा त्याचा शिक्षक झालेला मुलगा, म्युच्युअल फंडाच्या अर्जावर सही करताना त्यातील कडता किती, असे कधी विचारत नाही.

फंडातील कडत्याला खर्चाचे प्रमाण म्हणतात. सेबीने, म्हणजे भांडवली बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, २०१८ मध्ये ठरवलेल्या टप्प्यांनुसार निवड करून गुंतवणाऱ्या समभाग फंडांना पहिल्या ५०० कोटींवर वर्षाला २.२५ टक्क्यांपर्यंत खर्च आकारण्याची मुभा होती आणि इंडेक्स फंडांना जास्तीत जास्त १ टक्का. प्रत्यक्षात निफ्टीच्या अनेक इंडेक्स फंडांच्या थेट योजना पाव टक्क्याच्या आतबाहेरच आकारतात. (सेबी हे नाव लातूरच्या मोंढ्यात आधीपासून ठाऊक आहे, कारण डिसेंबर २०२१ मध्ये तिने सोयाबीनचे वायदे बंद केले आणि तेव्हापासून भाव पडला तरी तिचे नाव निघते, चढला तरी निघते.) हा खर्च पावतीवर येत नाही. तो रोज थोडा थोडा, फंडाच्या एककाची किंमत जाहीर होण्याआधीच कापलेला असतो. काट्यावर पाय ठेवणारा दिसला तर त्याचा पाय काढता येतो, परंतु येथे काटा लांब कोठेतरी आहे आणि घरी फक्त वजन कळते.

दीड-दोन टक्क्यांनी काय होते, असा प्रश्न विचारणाऱ्यास हिशेब करून दाखवणे भाग आहे. दरमहा ५,००० रुपये २५ वर्षे भरले आणि वाढीचा दर वर्षाला १२ टक्के गृहीत धरला, जो केवळ हिशेबासाठी धरलेला आहे आणि ज्याची हमी कोणी देत नाही, तर सुमारे ९४ लाख रुपये होतात; तोच दर ११ टक्के धरला तर सुमारे ७९ लाख होतात. एका टक्क्याच्या कडत्यापोटी १५ लाख रुपये जातात, म्हणजे भरलेल्या एकूण १५ लाखांइतकेच. अर्ध्या किलोसाठी तीन पिढ्यांचा उद्धार होत असेल तर या हिशेबाने किती पिढ्या मागे जावे लागेल, हे वंशावळीच्या अभ्यासकांनी ठरवावे.

यावर असे म्हणता येईल की कडता जास्त असला तरी माल चांगला निवडून दिला तर परवडते. अर्थशास्त्रज्ञ विल्यम शार्प यांनी १९९१ मध्ये या म्हणण्याचा निकाल ज्या युक्तिवादाने लावला तो इतका साधा आहे की यार्डातल्या हमालालाही तो नवा वाटणार नाही. एका दिवशी यार्डात आलेल्या सगळ्या सोयाबीनचा जो सरासरी भाव निघतो, त्यापेक्षा जास्त भाव सगळ्यांनाच मिळाला असे होऊ शकत नाही. काहींना जास्त मिळाला तर तितकाच काहींना कमी मिळालेला असतो. निवड करणाऱ्या सर्व गुंतवणूकदारांची मिळून कमाई ही बाजाराच्या कमाईइतकीच असते, आणि तिच्यातून त्यांचा मोठा कडता वजा केला की ते सगळे मिळून सरासरीच्या मागे पडतात. भारतातही मोठ्या कंपन्यांत गुंतवणाऱ्या फंडांपैकी बहुसंख्य फंड लांबच्या मुदतीत आपापल्या निर्देशांकाच्या मागे राहिल्याचे वेळोवेळी आढळले आहे, जरी लहान आणि मध्यम कंपन्यांच्या फंडांबाबत चित्र इतके एकतर्फी नाही. लातूरच्या भाषेत सांगायचे तर या एकाच परीक्षेत 'ॲव्हरेज' मुलगा बहुतेकांच्या पुढे निघतो, आणि तरीही त्याचा फ्लेक्स लागत नाही.

कडत्याचा दुसरा भाग नात्यागोत्याचा आहे. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाच्या दोन योजना असतात: एजंटामार्फत घेतल्यास नियमित, ज्यात त्याचे कमिशन खर्चात धरलेले असते, आणि स्वतः घेतल्यास थेट, ज्यात ते नसते. कागदावर थेट योजना स्वस्त आहे. परंतु नांदेड-लातुरात एजंट हा एजंट नसतो, तो साडूचा भाऊ असतो. तो दिवाळीला कॅलेंडर आणतो, लग्नात वाढायला उभा राहतो, आणि घरात कोणी दगावले तर तेराव्यानंतर वारसाचे अर्ज स्वतः भरून देतो. थेट योजना घेणे म्हणजे वर्षाकाठी अर्धा-पाऊण टक्का वाचवून साडूच्या दारापुढून मान खाली घालून जाणे होय, आणि हा खर्च कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो. बाजार कोसळला असता विकायला निघालेल्या माणसाचा हात धरून ज्याने त्याला घरी बसवले त्या एजंटाने आपले कमिशन कमावले, असेही न्यायाने म्हटले पाहिजे. दरम्यान मुंबईने या दोन्ही शहरांना 'बी-३०', म्हणजे पहिल्या तीस शहरांपलीकडची, या गटात टाकले असून तेथून येणाऱ्या पैशावर फंडांना २०२३ पर्यंत ०.३० टक्के जादा खर्च आकारता येत होता. क्रमवारीवर जगणाऱ्या लातूरला तिसाच्या बाहेर काढावे आणि त्याबद्दल वरून फी घ्यावी, ही गोष्ट एखाद्या पालकाच्या कानावर गेली असती तर त्याने फेरतपासणीचा अर्ज केला असता.

सरासरीवर मराठवाड्याचा राग असण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते अधिक आदरास पात्र आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला दहा टँकर होते आणि त्यांत ५ लाख लिटर पाणी होते. त्याच वर्षीच्या परतीच्या पावसात मांजरा धरण भरले. या दोन घटना एकत्र करून जी सरासरी निघते तिच्यात ना हंडा भरतो ना सोयाबीन वाचते. बाजाराची सरासरीही अगदी याच स्वभावाची आहे: १२ टक्के म्हणून जी सांगतात ती कोणत्याही एका वर्षी १२ टक्के म्हणून येत नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये गुरुतागद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त नांदेडमध्ये माणसांना उभे राहायला जागा नव्हती, तेव्हा जानेवारीत २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स मुंबईत साडेआठ हजारांच्या आसपास येऊन बसला होता. २०२० मध्ये निफ्टी जानेवारीत १२ हजारांच्या वर होता आणि २३ मार्चला ७,६०० च्या घरात. ज्यांनी अशा वेळी दरमहाचा हप्ता, म्हणजे ज्याला सर्वत्र एसआयपी म्हणतात ती ठरावीक तारखेची ठरावीक रक्कम, चालू ठेवली, त्यांना त्याच पैशात जास्त एकके मिळाली. परंतु दुष्काळात बियाणे स्वस्त मिळते म्हणून आनंद मानण्यासाठी लागणारा स्वभाव शेतकऱ्याकडे असतो, तसा त्याच्या पगारदार मुलाकडे असतोच असे नाही.

त्यामुळे पैसा प्लॉटकडे जातो. लातुरात औसा रोडला, अंबाजोगाई रोडला, नांदेडात विष्णुपुरीकडे किंवा तरोड्याकडे चुन्याच्या रेघा ओढलेल्या रानात चार सिमेंटचे खांब उभे असतात, त्यांच्यामध्ये एरंड उगवलेला असतो, आणि रविवारी स्कूटरवरून सहकुटुंब येऊन ही जागा पाहिली जाते. प्लॉटचा भाव रोज मोबाइलवर येत नाही, म्हणून तो कधी पडत नाही. विकायला काढल्यावर वर्षभर गिऱ्हाईक येत नाही याला भाव पडणे असे कोणी म्हणत नाही. त्याला 'सध्या मार्केट थंड आहे' म्हणतात. प्लॉट नसेल तर भिशी असते, सोने असते, आणि पाच वर्षांत दामदुप्पट देणारी एखादी योजना कोणीतरी कानात सांगत असतोच. दामदुप्पट या शब्दाचा प्रवास मोठा मौजेचा आहे: जुन्या हिंदू धर्मशास्त्रात तो सावकाराच्या हावेला घातलेला बांध होता, म्हणजे मुद्दलापेक्षा जास्त व्याज एका वेळी वसूल करता येणार नाही असा नियम, आता तोच शब्द ऋणकोच्या रक्षणाचे काम सोडून ठेवीदाराच्या शिकारीला लागला आहे.

वरील सर्व विवेचन ज्या ठिकाणी कसास लागते ते ठिकाण म्हणजे दिवाळीत भरणारी घरातली बैठक. पुण्यात नोकरी करणारा भाचा लातूरला आलेला असतो, मामा ओसरीवर सुपारी कातरत असतात आणि प्रश्न नेहमीचाच असतो.

"मग, यंदा काय घेतलास?"

"इंडेक्स फंड, मामा. दरमहा."

"कोणती कंपनी?"

"एक नाही. सगळ्याच पन्नास."

मामांचा अडकित्ता थांबतो. "सगळ्याच? कामून? पारखून एक-दोन घ्यायच्या की. मोंढ्यात गेलास अन् दिसंल ते पोतं उचललास, असं झालं हे."

भाचा कडत्याचे उदाहरण देतो, बैलाचे देतो, यादी सहा महिन्यांनी बदलते हे सांगतो. मामा मन लावून ऐकतात, कारण ते विचारी गृहस्थ आहेत आणि कडत्याचा मुद्दा त्यांना पटलेला आहे. शेवटी ते चष्मा मागवतात आणि म्हणतात, "बरं, यादी तर दाव."

मोबाइलवर यादी निघते. मामा अंगठ्याने ती सावकाश वर सरकवतात. एका कंपनीचा ट्रॅक्टर ऐन पेरणीत बंद पडलेला असतो, ती जाते. एका बँकेच्या शाखेत पासबुक भरून घ्यायला दोन तास बसवलेले असते, ती जाते. एक सिमेंटवाली, एक औषधवाली, एक "हिचं कोणाच्याच तोंडात नाव नाही" म्हणून, तिघी जातात. चहावर साय धरते. पन्नासांपैकी सात राहतात, आणि मामा चष्मा काढून यादी भाच्याच्या हातात परत देतात.

"ह्या सात घे लेकरा. बाकीचं तुझं सगळं बरोबर हाय."